'नदीत पाणी सोडलं' हे इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं? (भीमाकाठच्या मेसेजसाठी)

भीमाकाठचा

नमस्कार मंडळी. दक्षिण सोलापुरात भीमेच्या काठावर आमचं गाव आहे. पलीकडचा काठ कर्नाटकात. नदी एकच, पाणी उपसायच्या मोटारी दोन्ही काठांवर, सोयरिकीही दोन्हीकडे. पावसाळ्यात उजनी धरणाचं पाणी सुटलं की आमच्या ग्रुपवर मेसेज पडतो आणि लगेच पलीकडे जातो. तिकडच्या पोरांना मराठी बोललेलं सगळं कळतं, पण वाचायला जड जातं. आमचं कन्नडचं तसंच, बोलतो फर्डं पण लिहिता येत नाही. मग मधली वाट म्हणून इंग्रजीत लिहितात.

गेल्या पावसाळ्यात एका ग्रुपवरून असा मेसेज फिरला: 'वॉटर लेफ्ट इन भीमा रिव्हर फ्रॉम उजनी डॅम.' मराठी माणसाला यात काही खटकत नाही, कारण आपण मनात 'सोडलं' असंच वाचतो. पलीकडच्या पाहुण्यांचा मात्र फोन आला, नदीत पाणी शिल्लक आहे एवढं सांगायला रात्री मेसेज कशाला? त्यांनी मोटारी काढल्याच नव्हत्या. फोन झाला म्हणून निघाल्या.

या वर्षी मेसेज लिहायचं काम मी अंगावर घेतलंय. लेट आउट, रिलीज, डिस्चार्ज, ओपन, ड्रेन असे पाच-सहा शब्द लोक वापरतात. यातला कुठला कधी वापरायचा? शाळेतल्या व्याकरणासाठी विचारत नाही. वाचणाऱ्याला रात्री अर्धवट झोपेत कळलं पाहिजे, एवढंच.

जुनी_मास्तरीण

फार चांगलं काम घेतलंत दादा. मी सोलापुरात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आणि 'सोडणे'चं 'लीव्ह' करणं हे आपल्याकडे घराघरांत आहे. नोकरी सोडली, गाव सोडलं, मुलाला शाळेत सोडलं, पाणी सोडलं, सगळ्याला आपलं क्रियापद एकच. इंग्रजीत नोकरी आणि गाव 'लीव्ह' होतं, मूल 'ड्रॉप' होतं, आणि कोंडून ठेवलेलं पाणी 'रिलीज' होतं. 'लेफ्ट इन द रिव्हर' म्हटलं की 'नदीत उरलेलं' हाच अर्थ निघतो. तुमच्या पाहुण्यांनी बरोबरच वाचलं. चूक मेसेजची.

त्यात धरणाला डावा कालवा आहे, तोही इंग्रजीत 'लेफ्ट'. 'वॉटर लेफ्ट फ्रॉम लेफ्ट कॅनॉल' असं मी छापील पत्रकात वाचलंय. म्हणून पहिला नियम, पाण्याच्या मेसेजात 'लेफ्ट' फक्त डाव्या कालव्यासाठी. क्रियापद म्हणून तो शब्द तिथं येताच कामा नये.

'रिलीज'ला दोन शेपट्या हव्यात. 'फ्रॉम' म्हणजे कुठून आणि 'इनटू' म्हणजे कशात. 'इन' नको, 'इनटू'. धरणातून नदीत की धरणातून कालव्यात, हा फरक काठावरच्या माणसाला जिवाचा असतो.

सिद्धेश्वर_पेठ

मी बातम्यांच्या भाषांतराचं काम करतो. 'लेट आउट'बद्दल बोलतो, कारण लोक त्याला उगाच पोरकट समजतात. दक्षिणेकडच्या इंग्रजी बातम्यांत 'वॉटर लेट आउट फ्रॉम द डॅम' सर्रास येतं. कृष्णा-कावेरीच्या बातम्या वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत ते बसलेलं आहे. तुमचे वाचक कर्नाटकातले आहेत, तेव्हा 'लेट आउट' वाचून कुणी अडणार नाही.

एक अडचण आहे ती अशी. 'लेट'चं रूप तिन्ही काळांत तेच राहतं. 'दे लेट आउट वॉटर' म्हणजे आज सोडतात की काल सोडलं, हे वाक्यावरून कळत नाही. 'रिलीज'चं 'रिलीज्ड' होतं, तिथं काळ दिसतो. बोलताना 'लेट आउट' चालेल, इशाऱ्याच्या मेसेजात मी 'रिलीज'च घेईन.

'ड्रेन' मात्र अजिबात नको. ते टाकी, शेततळं किंवा विहीर रिकामी करण्यासाठी. 'ड्रेनिंग उजनी' वाचलं तर धरण रिकामं करायला घेतलंय असा अर्थ होतो.

टेलचा_माणूस

मोहोळकडं टेलला, म्हंजी कालव्याच्या शेवटाला, जमीन हाय. आमचं वेगळं दुखणं सांगतो. पेपरात 'आवर्तन सोडलं', म्हंजी कालव्याच्या पाण्याची पाळी सुटली, असं छापून येतं, माणसं पाईप जोडून बसत्यात. पाणी टेलला यायला किती दिवस जातील ते चारीवर, म्हंजी कालव्याच्या फाट्यावर, कोण बसलंय त्यावर. हेडला सोडलं म्हंजी टेलला आलं असं नसतं. कालव्याचा मेसेज करताना 'सोडलं' आणि 'पोचलं' ही दोन वाक्यं वेगळी लिवा. इंग्रजीत काय म्हंत्यात ते मास्तरीणबाईंनी सांगावं.

जुनी_मास्तरीण

'रिलीज्ड' आणि 'रीच्ड', काका. आवर्तनाला 'रोटेशन'. 'फर्स्ट समर रोटेशन रिलीज्ड इनटू लेफ्ट बँक कॅनॉल' आणि पुढं पाणी कुठल्या फाट्यापर्यंत आलंय ते.

पाटबंधाऱ्यात_होतो

निवृत्त आहे, उजनीच्या कामावर बरीच वर्षं काढली. इथं शब्दांवर चर्चा चाललीय ती रास्तच आहे, पण खरा गोंधळ 'डिस्चार्ज' या एका शब्दानं होतो. त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

आमच्या शास्त्रात डिस्चार्ज म्हणजे एखाद्या ठिकाणाहून दर सेकंदाला जाणारं पाणी. ते कुणी सोडलेलं असेल किंवा आपोआप वाहत असेल, आकड्याला त्याचं देणंघेणं नाही. पावसाळ्यात सगळा सोलापूर जिल्हा दौंडच्या आकड्याकडे डोळे लावून असतो. दौंडला धरण नाही. तिथं नदीचं पाणी मोजतात. पुण्याकडच्या धरणांतून सोडलेलं आणि मधल्या पाणलोटात पडलेलं, असं सगळं मिळून तिथून जातं आणि उजनीत येतं. आता 'दौंड डिस्चार्ज ५०,०००' या ओळीचं मराठी होतं 'दौंडचा विसर्ग ५० हजार', आणि पुढच्या ग्रुपवर ते होतं 'दौंडमधून ५० हजारांनी पाणी सोडलं'. काठावरचा माणूस घाबरून मोटारी काढतो. खरं तर ते पाणी अजून उजनीच्या पोटात जायचंय. धरण निम्मं रिकामं असेल तर तिथंच मुरतं, खाली थेंब येत नाही.

म्हणून माझं ठाम मत असं, की दौंडसाठी 'आवक' किंवा इंग्रजीत 'इनफ्लो' लिहा. उजनीच्या दरवाजांतून निघेल त्यालाच 'विसर्ग' आणि 'रिलीज' म्हणा. हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. आवक वाचून माणसानं सावध राहायचं, विसर्ग वाचून उठायचं.

दुसरं, 'डिस्चार्ज्ड' हे क्रियापद बाहेरच्या माणसाला कारखान्याच्या सांडपाण्याची आठवण करून देतं. 'वॉटर डिस्चार्ज्ड इनटू भीमा' वाचून पलीकडचा एखादा मळीचं पाणी सोडलं म्हणून तक्रार करेल. आकड्याला डिस्चार्ज ठेवा, कृतीला रिलीज.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोक्याची. 'विसर्ग २० हजार वाढवला' या वाक्याचे दोन अर्थ होतात. २० हजारांनी वाढवला की २० हजारांवर नेला? आधी ४० हजार चालू असेल तर पहिल्या अर्थानं ६० हजार होतात, आणि दुसऱ्या अर्थानं वाक्यच फसतं. इंग्रजीतही 'बाय' आणि 'टू' एवढाच फरक. घाईत लिहिणारा नेमका तोच शब्द गाळतो. आम्ही दोन्ही आकडे लिहायचो, आधी इतका होता, आता इतका केला. तीच सवय लावून घ्या.

भीमाकाठचा

साहेब, हे दौंडचं तर आमच्याकडं दर पावसाळ्यात होतं. लोक दौंडचा आकडा बघून मोटारी काढतात, दोन दिवस पाणी येत नाही, परत टाकतात. आणि मग खरा विसर्ग सुटतो तेव्हा कंटाळून कुणी हलत नाही.

मोटार काढणं म्हणजे काय ते शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. आधी स्टार्टरची पेटी खांबावरून उतरवायची, केबल गुंडाळायची, मग पाईपच्या फ्लँजचे नटबोल्ट सोडायचे. ते गंजलेले असतात, पान्याला हिसका दिला की बोटांची सालटी निघतात. मग चार-पाच जणांनी दोर लावून मोटार चिखलातून वर ओढायची आणि बाभळीला बांधायची. अंधारात, पावसात, पायाखाली गाळ. हे काम एका चुकीच्या शब्दापायी दोनदा करायला लावलं की माणसाचा मेसेजवरचा विश्वासच उडतो.

क्युसेकचं एकदा सोपं करून सांगा की ओ. आकडा मोठा आहे एवढं कळतं, पाणी किती ते डोळ्यापुढं येत नाही.

पाटबंधाऱ्यात_होतो

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. मोठ्या दोन बादल्या म्हणा. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटरच्या वर. हाच विसर्ग पूर्ण २४ तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी जातं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. म्हणजे वरून काहीच आलं नाही असं धरलं, तर लाखाच्या विसर्गानं तो सव्वासहा दिवसांत संपेल. उलट दिशेनं लक्षात ठेवायला ११,५७४ क्युसेक एक दिवस चालले की एक टीएमसी.

आणि उजनीतून पाणी एकाच तोंडानं निघत नाही. सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायच्या भागाला, ४१ दरवाजे आहेत. वीजनिर्मितीचं पाणी वेगळं, ते बातमीत बहुतेक वेळा १,६०० क्युसेक दिसतं. डावा-उजवा कालवा वेगळा, भीमा-सीना जोड कालवा वेगळा, उपसा योजना वेगळ्या. नदीत येतं ते फक्त सांडव्याचं आणि वीजगृहाचं. काही मेसेजांत सगळ्यांची बेरीज करून 'उजनीतून इतका विसर्ग' लिहितात. नदीकाठच्या माणसाला ती बेरीज नको, त्याला नदीतला आकडा हवा.

सीनामाई

उजनी, उजनी चाललंय म्हणून मध्ये बोलते. मी सीनेकाठची. सप्टेंबर २०२५ ला सीनेला जो पूर आला त्यात उजनीचा काही संबंध नव्हता. पाणी आलं ते सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून आणि वरच्या पावसातून. तरी लोक उजनीचे आकडे बघत बसले होते, कारण वर्षानुवर्षं 'पाणी सोडलं' म्हटलं की उजनीच, असं डोक्यात बसलंय. मेसेजात 'डॅम' एवढंच लिहू नका. धरणाचं नाव आणि नदीचं नाव दोन्ही लिहा.

शिवाय सीना कुडलला भीमेला मिळते. कुडलच्या खालच्या गावांना दोन्ही नद्यांचं पाणी एकत्र येतं. नुसता उजनीचा आकडा त्यांना अर्धीच गोष्ट सांगतो.

सिद्धेश्वर_पेठ

सीनामाईंचं अगदी खरं. वरही तेच आहे. वीर धरणातून नीरेत सोडलेलं पाणी नरसिंहपूरच्या संगमावर भीमेत येतं आणि पंढरपूरला दोन्ही मिळून पोचतं. चंद्रभागेत पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागलं, की ते उजनीचं किती आणि वीरचं किती हे बातमीत क्वचितच येतं. तुमच्या मेसेजात संगमाचा आकडा मिळाला तर तोच द्या. 'फ्लो ॲट नरसिंहपूर' असं. तिथं 'रिलीज' लिहायचं नाही, कारण संगमावर कुणी दार उघडत नाही.

इंडीचा_पाहुणा

नमस्कार. मी पलीकडच्या काठाचा, इंडी तालुका. आजोळ सोलापूर, त्यामुळे मराठी लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या. वर ज्या फोनची गोष्ट आली तसे फोन आमच्याकडून बऱ्याच जणांनी केलेत.

आम्हाला काय कळतं ते सांगतो. क्युसेक, टीएमसी, लाख, हे शब्द आम्ही रोज वापरतो, ते बदलू नका. लाखाचं मिलियन करायला जाऊ नका, तिथं शून्य चुकतात. 'लेट आउट' कळतं, 'रिलीज' कळतं. 'वक्रद्वार', 'सांडवा' हे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं कळत नाही. 'उणे साठा'चं कुणी 'मायनस वॉटर' केलं होतं, त्याचा अर्थ लावायला आम्हाला संध्याकाळ गेली.

आणि बंधाऱ्याचं वेगळं लिहा. भीमेवरचा औजचा बंधारा भरून वाहिला तरी मेसेज येतो 'वॉटर रिलीज्ड फ्रॉम औज'. रिलीज म्हणजे कुणीतरी मुद्दाम सोडलं असं आमच्याकडं समजतात. मग दोन्ही काठांत विनाकारण तोंडातोंडी होते.

पाटबंधाऱ्यात_होतो

पाहुण्यांनी नेमकं बोट ठेवलं. बंधारा भरून वरून वाहतो तेव्हा 'ओव्हरफ्लो'. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून पाणी पुढं जाऊ दिलं तर 'रिलीज'. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याला धरणासारखी यंत्रानं उचलायची दारं नसतात, बर्गे हातानं काढावे लागतात, म्हणून तिथं 'गेट्स ओपन्ड' लिहिणंही बरोबर नाही. पहिल्यात माणसाचा हात नाही, दुसऱ्यात आहे. दोन राज्यांच्या मधल्या बंधाऱ्यावर हा फरक जपलाच पाहिजे.

औजचं महत्त्व सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. शहराच्या पिण्यासाठी उजनीतून नदीत सोडलेलं पाणी औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडवतात आणि टाकळीहून उपसतात. उन्हाळ्यात हे पाणी सुटतं तेव्हाही मेसेज जातो, आणि त्याचा सूर पुराच्या मेसेजासारखा असतो. तो नसावा. 'रिलीज्ड फॉर ड्रिंकिंग वॉटर' हे कारण लिहिलं की वाचणारा घाबरत नाही, आणि हे पाणी कशासाठी आहे तेही त्याला कळतं.

उणे साठ्याचं असं आहे. उजनीचा मृतसाठाच, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, ६३ टीएमसीच्या वर आहे, उपयुक्त साठ्याहून मोठा. पाणी त्या पातळीच्या खाली गेलं की आपण उणे म्हणतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. बाहेरच्या माणसाला अशी उणे टक्केवारी देऊ नका. 'लाइव्ह स्टोरेज निल' आणि एकूण टीएमसी लिहा, पुरे.

टेलचा_माणूस

येक इचारतो. आपल्यात एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हंजी तिच्यावरचा हक्क सोडला. माझ्या चुलत्यानं वाटणीत हिरीवर पाणी सोडलं असं आम्ही म्हंतो. हे कुणी इंग्रजीत करत असंल तर काय व्हतंय?

जुनी_मास्तरीण

काका, तिथं 'वॉटर' आणायचंच नाही. हातावर उदक सोडून दान देण्याच्या रीतीतून ते आलंय, इंग्रजीत ती रीत नाही. 'गेव्ह अप हिज शेअर इन द वेल' असं सरळ लिहावं. कोर्टाच्या कागदाला भाषांतर लागलं तर हे नक्की जपा. 'रिलीज्ड वॉटर ऑन द वेल' असं कुणी लिहून ठेवलं तर हक्कसोडीचा पुरावाच हातातून जाईल.

भीमाकाठचा

सगळ्यांचं वाचून मसुदा केलाय. बघा.

'नोटीस. उजनी डॅम. रिलीज इनटू भीमा रिव्हर इन्क्रीज्ड फ्रॉम ४०,००० क्युसेक्स टू ६०,००० क्युसेक्स, फ्रॉम ६ पीएम टुडे. रिमूव्ह पंप्स. डू नॉट क्रॉस द रिव्हर. सोर्स: इरिगेशन डिपार्टमेंट.'

आकडे नमुन्याचे आहेत. मराठीत हेच: 'उजनी धरणातून भीमा नदीत सोडलं जाणारं पाणी आज संध्याकाळी ६ पासून ४०,००० वरून ६०,००० क्युसेक. मोटारी काढा. नदीपात्रात उतरू नका. माहिती पाटबंधारे विभागाची.'

सिद्धेश्वर_पेठ

नीट आहे. 'टुडे' काढा आणि तारीख घाला. फॉरवर्ड झालेला मेसेज चार दिवसांनीही 'टुडे'च म्हणतो. '६ पीएम'च्या जागी १८:०० लिहिलंत तर सकाळ-संध्याकाळचा घोळ उरत नाही. आणि सोडलं, सोडत आहेत, सोडणार यातलं नेमकं कुठलं ते एकदा तपासत जा. 'विल बी रिलीज्ड'चा मेसेज गेला आणि निर्णय बदलला तर रद्द झाल्याचाही मेसेज गेलाच पाहिजे.

सीनामाई

वरती पहिल्याच ओळीत नदीचं नाव ठळक करा. आमच्याकडं भीमेचा मेसेज येऊन लोक सीनेवरच्या मोटारी काढतात.

इंडीचा_पाहुणा

मसुदा माझ्या वडिलांना वाचून दाखवला, त्यांना इंग्रजी जुजबी येतं. 'इन्क्रीज्ड फ्रॉम... टू' लगेच कळलं. 'रिमूव्ह पंप्स'ही कळलं. 'इरिगेशन डिपार्टमेंट' कुठल्या राज्याचं, ते विचारलं. तिथं महाराष्ट्र लिहा.

खाली कन्नड ओळ मी घालून देतो. तुम्ही मराठी-इंग्रजी मला पाठवा, मी कन्नड जोडून आमच्या काठच्या ग्रुपांवर टाकतो. आमच्याकडं म्हातारी माणसं मोबाईल नातवाकडं देतात आणि नातू कन्नडच वाचतो.

भीमाकाठचा

तारीख, १८:००, नदीचं नाव वर, महाराष्ट्र, सगळं घातलं. पाहुणे, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दौंडच्या आवकेचा मेसेज वेगळ्या नमुन्यात ठेवतोय, त्यात 'मोटारी काढा' ही ओळच नाही. साहेब, तो नमुना रात्री टाकतो, आकडा कुठं लिहायचा तेवढं नजरेखालून घाला.

पाटबंधाऱ्यात_होतो

टाका. आवकेच्या मेसेजात धरणात आत्ता किती टक्के पाणी आहे तेही लिहा, म्हणजे ते पाणी धरणात मावणार की खाली येणार याचा अंदाज वाचणाऱ्याला लागेल.